इमारत दिली, बाक नाकारला

अमेरिकेत शाळांमधला वंशभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा ब्राऊन खटल्याचा निकाल म्हणजे वकील आणि न्यायमूर्तींची कामगिरी, असेच आपण ऐकत आलो. त्या निकालात एकत्र केलेल्या पाच खटल्यांपैकी एक खटला सोळा वर्षांच्या मुलीने घडवलेल्या संपातून उभा राहिला, हे फारसे कोणी सांगत नाही.

व्हर्जिनियातले फार्मव्हिल हे छोटेसे शहर. तिथले रॉबर्ट रूसा मोटन हायस्कूल १९३९ मध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी बांधले गेले. जागा १८० मुलांची. १९५१ मध्ये शिकत होती ४५० हून अधिक. व्यायामशाळा नाही, प्रयोगशाळा नाही. पालकांनी तगादा लावला तेव्हा आवारात लाकडी सांगाडे उभारून त्यांवर डांबरी कागद ठोकला आणि त्याला वर्गखोल्या म्हटले! पावसात त्या गळत. थंडीत शेगडीजवळचा मुलगा भाजून निघे, कोपऱ्यातला कुडकुडे. गोऱ्यांच्या हायस्कूलमध्ये सगळे होते. कायदा मात्र म्हणत होता, 'वेगळे पण समान'.

२३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स आणि तिच्या सोबत्यांनी खोटा फोन करून मुख्याध्यापकांना शाळेबाहेर पाठवले, मुलांना सभागृहात जमवले, शिक्षकांना बाहेर जायला सांगितले आणि संप पुकारला. मागणी साधी होती, चांगली इमारत. मदतीला एनएएसीपीचे वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवूड रॉबिन्सन आले. (याच संघटनेत काम करणाऱ्या डु बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहून अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतले साम्य मांडले होते.) वकिलांची अट होती: वेगळी शाळा सुधारून मिळावी म्हणून आम्ही लढणार नाही, वेगळेपणाच मोडायचा असेल तर लढू. मुले आणि पालक कबूल झाले. ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने खटला दाखल झाला.

आता गंमत पाहा. खटला उभा राहताच काउंटीला पैसा सापडला. १९५३ मध्ये कृष्णवर्णीयांसाठी नवे, सुसज्ज मोटन हायस्कूल सुरू झाले. मग इतकी वर्षे अडचण तिजोरीची होती, असे कोण म्हणेल? इमारत द्यायला ते तयार होते. आपल्या मुलाशेजारचा बाक द्यायला तयार नव्हते.

१९५४ च्या निकालानंतर काउंटीने पाच वर्षे टाळाटाळ केली. १९५९ मध्ये न्यायालयाने आणखी मुदत नाकारली, तेव्हा काउंटीने शाळांचा निधीच बंद केला आणि सगळ्या सार्वजनिक शाळांना कुलूप लावले. ती नवी कोरी इमारतसुद्धा बंद! गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी निघाली आणि तिला पुढे सरकारी शुल्क-अनुदानाचा, करसवलतीचा आधार मिळाला. म्हणजे कर सगळ्यांनी भरायचा आणि शाळा त्यांची. कृष्णवर्णीय मुलांपैकी काही परगावी नातेवाइकांकडे गेली, काही चर्चच्या तळघरात अक्षरे गिरवत राहिली, अनेक जण शेतावर राबले आणि पुन्हा वर्गात आलेच नाहीत.

१९६३ मध्ये देणग्यांवर मोफत शाळा निघाल्या. सार्वजनिक शाळांची कुलपे १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानेच उघडली. १९५९ मध्ये सहा वर्षांचे असलेले मूल तोवर अकरा वर्षांचे झाले होते.