कुलूप लावलेल्या तांड्याची मोजणी

दिवाळीनंतर आपल्या तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावर चक्कर मारा. निम्म्या दारांना कुलूप. ओट्यावर म्हातारी माणसं आणि एखाददुसरं लेकरू. बाकी सगळे ऊसतोडीला. येतात ते थेट उन्हाळ्यात. आता सांगा, या माणसांचा अभ्यास करायचा तर कुठं जायचं?

हा प्रश्न जुना आहे. निजामाच्या राज्यात पहिली जनगणना 1881 ला झाली. तेव्हा एका रात्रीत मोजत. 17 फेब्रुवारीची रात्र ठरली होती. जो जिथं सापडेल तिथं त्याची नोंद. जत्रा-सण टाळून आणि चांदणं पाहून अशा तारखा ठरवत. फिरस्त्यांसाठी ही पद्धत एका अर्थानं बरी होती, कारण तुझं गाव कोणतं हा प्रश्न मोजणीच्या आड येत नव्हता. 1931 नंतर ती बंद झाली.

पण मोजणारा कोण, हेही बघावं लागतं. पैनगंगेपलीकडं पुसदचा मुलूख तेव्हा इंग्रजांच्या वऱ्हाडात. तिथल्या बंजारांवर सविस्तर टिपण लिहिलं कंबरलेज नावाच्या वऱ्हाड पोलिसातल्या अधिकाऱ्यानं, 1869 च्या सुमारास. 1882 ला ते पुन्हा छापलं. माहिती भरपूर, पण गोळा करणारा पोलीस! त्यातच 1871 ला गुन्हेगार जमातींचा कायदा आला. अनेक भटक्या जमातींच्या माणसांना नाव नोंदवून हजेरी द्यावी लागायची. कायदा 1952 ला गेला, धास्ती लगेच जात नाही. आजही वही-पेन घेऊन गेलं की पहिला प्रश्न येतो, "कशाला लिहून घेता?" मला तर दोनदा चहा पाजून वाटेला लावलं.

मग लोक सोपा रस्ता धरतात, मुकादमाची वही. टोळी किती, उचल किती, सगळं एका जागी. पण त्या वहीत माणसं नसतात, कोयते असतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. उचल बहुतेक नवऱ्याच्या नावावर. बाई अर्ध्या कोयत्यात विरघळली आणि मोळ्या वाहणारी पोरगी तर हिशेबातच नाही. वहीवरून अभ्यास केला तर मुकादमाचं जग कळतं, तिचं कळत नाही.

डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी 1970 च्या दशकात दक्षिण गुजरातेत बारडोलीकडं खानदेशातून येणाऱ्या तोडकऱ्यांचा अभ्यास केला. नुसत्या कारखान्याच्या कागदांवर न थांबता ते फडात, तळावर गेले. त्याच भागात वर्षानुवर्षं परत जात राहिले, हे मला जास्त मोलाचं वाटतं. एका फेरीत कोण मन मोकळं करतं?

एकानं दुसऱ्याचं नाव सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं, अशीही पद्धत आहे. तिची खोड अशी की ज्याच्या ओळखी जास्त त्याचाच गोतावळा यादीत भरतो. डग्लस हेकाथॉर्न या अमेरिकी अभ्यासकानं 1997 मध्ये त्यावर तोड सुचवली, प्रत्येकाला मोजकीच कुपनं द्यायची. आपल्याकडं पहिलं कुपन मुकादमाला न देता टोळीतल्या बाईला द्यावं लागेल.

हे सगळं आत्ता का लिहितोय? लोकसंख्येची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये ठरली आहे. 1931 नंतर पहिल्यांदाच सगळ्यांची जात नोंदली जाणार. आणि फेब्रुवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम. 2011 च्या नियमानं, मोजणीच्या पूर्ण काळात घरी नसलेल्याची नोंद तो असेल तिथं व्हायची. म्हणजे उसाच्या फडाशेजारच्या कोपीत. ती कोपी तिथल्या प्रगणकाच्या नकाशावर असेल का? तिथला तलाठी म्हणेल परगावचे, इथला म्हणेल गावात नाहीत.

कोणत्या तांड्यावरची टोळी कोणत्या कारखान्याला जाते, हे मुकादमाला माहीत असतं, शाळेतल्या गुरुजींना असतं, किराणा दुकानदाराला तर असतंच. दसऱ्याच्या आधी त्यांच्याकडून गावनिहाय यादी करून तहसीलला द्यायची. बायका-पोरांच्या नावासकट. माझ्याकडं चार तांड्यांची अर्धीमुर्धी तयार आहे. बाकीच्यांनी आपापल्या गावाची कळवावी.