राखीव मेमरीची दप्तरी नोंद

रॉकचिप कंपनीच्या आरके३०६६ या दोन गाभ्यांच्या चिपच्या पोटात ६४ किलोबाइटांची एक छोटी मेमरी आहे, आणि लिनक्स कर्नलच्या दप्तरात तिच्या नोंदीखाली एक पोटनोंदही आहे. आरंभीच्या ८० बाइटांवर सर्वसाधारण वाटपाचा अंमल चालणार नाही, कारण ते दुसऱ्या गाभ्याला जागे करण्यासाठी राखून ठेवलेले आहेत, असा तिचा आशय. ज्या यंत्रात मेमरी अब्जावधी बाइटांनी मोजली जाते तेथे ऐंशी बाइटांसाठी एवढा लेखनप्रपंच कशाला, अशी शंका कोणासही येईल. परंतु या क्षुल्लक दिसणाऱ्या पोटनोंदीच्या मागे पंचवीस वर्षांच्या कारभार-सुधारणेचा इतिहास उभा आहे, आणि तो समजून घेतल्यावाचून आजचे कर्नल इतक्या भिन्न जातींच्या चिपांवर कसे नांदते हे नीट उमगत नाही.

या अंतर्गत मेमरीचे माहात्म्य तिच्या आकारात नसून तिच्या तत्परतेत आहे. चिपबाहेरची विस्तीर्ण डीरॅम मेमरी सूक्ष्म विद्युत्संचयांवर चालते. ते संचय क्षणोक्षणी ताजे करावे लागतात, आणि नियंत्रकाची यथायोग्य जुळणी होईपर्यंत ती मेमरी वापरण्याजोगीच नसते. चिपवरच्या एसरॅमची गोष्ट निराळी. तिच्यात एकेका बिटासाठी सामान्यतः सहा ट्रान्झिस्टर खर्ची पडतात, म्हणून ती महाग आणि थोडकी. पण वीज आली की ती सिद्ध असते आणि वीज असेपर्यंत दिलेले विसरत नाही. म्हणूनच चिपमधील बूट रॉम पहिला प्रोग्रॅम बहुधा येथेच आणून ठेवतो. आणि यंत्र निद्रिस्त करताना डीरॅमला तिच्या स्वतःच्या हवाली करून तिचा संपर्क तोडायचा असतो, किंवा तिच्या घड्याळाची गती बदलायची असते, तेव्हा ते काम करणाऱ्या सूचना डीरॅममध्ये राहू शकत नसल्यामुळे त्यांनाही याच मेमरीत आश्रय घ्यावा लागतो.

अशा दुर्मीळ जागेचा कारभार दीर्घकाळ ज्याचा त्याने आपल्या मर्जीने चालविला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ओमॅप चिपांसाठी एक व्यवस्था, त्याच कंपनीच्या डाविंची चिपांसाठी दुसरी, फ्रीस्केलच्या आयएमएक्स चिपांसाठी तिसरी, मार्व्हेलच्या चिपांसाठी आणखी एक. प्रत्येकीची संहिता कर्नलच्या स्वतंत्र कोपऱ्यात आणि पत्ते त्या त्या संहितेत कोरलेले. वस्तुतः जागेचे तुकडे मोजून देणारा सर्वसामान्य वाटपकार येस सोरेन्सन यांच्या नावाने २००५ पासून कर्नलमध्ये होता, आणि पुढे डाविंचीच्या व्यवस्थेने त्याचाच आधार घेतला. पण कोणती जागा वाटपास मोकळी आणि कोणती दुसऱ्याच्या ताब्यातली, हे सांगणारा लेख संहितेच्या बाहेर कोठेही नव्हता. ही माहिती ज्याने संहिता लिहिली त्याच्या डोक्यात असे, आणि तो माणूस दुसऱ्या कामाला लागला म्हणजे तीही त्याच्याबरोबर जाई.

यंत्राचे वर्णन संहितेतून काढून स्वतंत्र लेखात मांडावे, ही कल्पना मात्र जुनी होती. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये मिच ब्रॅडली यांनी फोर्थ भाषेच्या आधारे जे ओपनबूट रचले आणि जे १९८९ च्या स्पार्कस्टेशन संगणकांबरोबर लोकांपुढे आले, त्यात यंत्र स्वतःच आपल्या अवयवांची वंशावळ शाखा-उपशाखांच्या वृक्षरूपात कर्नलच्या स्वाधीन करी. १९९४ साली या पद्धतीला ओपन फर्मवेअर या नावाने आयईईईच्या १२७५ क्रमांकाच्या मानकाची सनद मिळाली आणि पुढे अॅपलच्या पॉवरपीसी यंत्रांनी तिचा अंगीकार केला. या परंपरेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोचला आहे, तो येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही : २००७ साली कर्जत तालुक्यातील खैराट गावच्या शाळेत मुलांच्या हाती जे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले, ते सुरू होताना ब्रॅडली यांचेच ओपन फर्मवेअर प्रथम जागे होत असे.

ज्या लहान यंत्रांना एवढे मोठे फर्मवेअर पेलवत नव्हते त्यांच्यासाठी २००५ च्या सुमारास बेंजामिन हेरेनश्मिट प्रभृतींनी पॉवरपीसी शाखेत त्या वृक्षाचे सपाट रूप सिद्ध केले. वर्णन साध्या मजकुरात लिहावे, डेव्हिड गिब्सन यांच्या संकलकाने त्याची आटोपशीर द्विमान प्रत काढावी, आणि बूटलोडरने ती कर्नलच्या हाती द्यावी, असा तो क्रम. हीच आजची डिव्हाइस ट्री. एआरएमच्या प्रांतात मात्र एकेका बोर्डासाठी एकेक फाइल लिहिण्याची प्रथा चालूच राहिली, आणि तिचा पसारा इतका वाढला की मार्च २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर आपला संताप जाहीरपणे व्यक्त केला. त्या उद्रेकाची भाषा कोणाला कितीही अप्रशस्त वाटो, त्यामुळे सुधारणेला वेग आला ही गोष्ट निर्विवाद आहे. ग्रँट लाइकली आणि त्यांचे सहकारी ज्या पद्धतीची पायाभरणी आधीपासून करीत होते ती आता सर्वांना अपरिहार्य वाटू लागली, आणि डिसेंबर २०१२ च्या ३.७ या आवृत्तीत अनेक कंपन्यांच्या चिपांवर चालणारे एकच एआरएम कर्नल बांधणे शक्य झाले.

मग चिपवरच्या मेमरीची पाळी आली. जर्मनीतील पेंगुट्रॉनिक्स या संस्थेचे फिलिप त्साबेल यांना आयएमएक्स चिपांमधील कोडा या व्हिडिओ-यंत्रणेसाठी अशा मेमरीचा तुकडा हवा होता. आणखी एक खासगी व्यवस्था उभारण्याऐवजी त्यांनी सर्वांना उपयोगी पडेल असा सामान्य ड्रायव्हर लिहिला, आणि तो २०१३ साली कर्नलमध्ये दाखल झाला. वृक्षात ‘एमएमआयओ-एसरॅम’ या ओळखीची नोंद करावी, आरंभीचा पत्ता आणि लांबी द्यावी, म्हणजे ती सारी जागा वाटपासाठी खुली होई.

परंतु ‘सारी जागा’ या दोन शब्दांतच अडचण दडलेली होती. हायको स्ट्युबनर हे रॉकचिपच्या चिपांना मुख्य कर्नलमध्ये स्थान मिळवून देत होते. आरके३०६६ मध्ये दुसऱ्या गाभ्याची वीज सुरू केली की तो आपली पहिली सूचना या अंतर्गत मेमरीच्या आरंभापासूनच वाचू लागे. तेथे वाटपकाराने दुसऱ्याच कोणाचा मजकूर आणून ठेवला असता तर जागा झालेला गाभा भलतीकडेच भरकटला असता. स्ट्युबनर यांनी २०१४ साली जो उपाय केला तो मला या सर्व इतिहासातील अत्यंत समंजस निर्णय वाटतो. त्यांनी मूळ नोंदीच्या पोटी कन्यानोंदी करण्याची मुभा दिली. प्रत्येक कन्यानोंदीने आपली हद्द सांगावी, आणि ड्रायव्हरने त्या सर्व हद्दी क्रमाने लावून त्यांच्या मधल्या मोकळ्या जागाच तेवढ्या वाटपाच्या खात्यात जमा कराव्यात. दोन हद्दी एकमेकींवर चढल्या, किंवा एखादी मेमरीच्या सीमेबाहेर गेली, तर ड्रायव्हर तक्रार नोंदवून काम नाकारतो. आपल्याकडे गावच्या दप्तरात गायरान वेगळे दाखविले म्हणजे ती जमीन कोणा कुळाला लावून देता येत नाही आणि ती कशासाठी राखली आहे हे कोणालाही वाचता येते, तशीच ही तजवीज होय.

या पद्धतीवर एक तात्त्विक आक्षेप संभवतो आणि तो उपेक्षणीय नाही. डिव्हाइस ट्रीने यंत्र कसे आहे एवढेच सांगावे, ते कसे वापरावे हे सांगू नये, असा त्या क्षेत्रातील मान्य दंडक आहे. मग ‘ही जागा राखीव’ असे म्हणणे हे वर्णन की फर्मान? माझ्या मते याचा निर्णय प्रत्येक नोंदीच्या कारणावरून करावा लागतो. गाभा कोणत्या पत्त्यावर जागा होतो हे सिलिकॉनमध्येच ठरलेले असते, तेव्हा तेथील राखीवपणा हा यंत्राच्या स्वभावाचाच भाग आहे. सॅमसंगच्या एक्सिनॉस चिपांमध्येही गाभे जागे करण्यासाठी असाच भाग राखला गेला, आणि सुरक्षित फर्मवेअर असलेल्या यंत्रांसाठी त्याचा निराळा प्रकार नोंदला गेला. एआरएमच्या जूनो बोर्डावर विजेचा आणि घड्याळांचा कारभार पाहणारा स्वतंत्र प्रोसेसर आणि कर्नल यांच्यातील निरोपांची देवघेव ज्या तुकड्यात होते, तोही असाच कन्यानोंदीने दाखविलेला आहे. तेथे हद्द दोन पक्षांमधील कराराने ठरते, आणि करार एका पक्षाला परस्पर मोडता येत नाही. याउलट एखाद्या ड्रायव्हरला केवळ सोईचे म्हणून घेरलेले क्षेत्र या वृक्षात शोभत नाही. त्याने वाटपकाराकडे रीतसर मागणी करावी हेच उचित.

पुढे या नोंदींना गुणधर्मांची जोड मिळाली. एखादा तुकडा स्वतंत्र वाटप-कोश म्हणून मांडता येऊ लागला, एखादा वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमांना दिसेल असा खुला करता येऊ लागला. २०१७ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या डेव्ह गर्लाक यांनी, निद्रेच्या वेळी चालणाऱ्या सूचना जेथे ठेवायच्या त्या जागेत एकाच वेळी लिहिणे आणि चालविणे ही दोन्ही कामे होऊ नयेत, यासाठी संरक्षणाची सोय केली; मेमरीत शिरकाव करू पाहणाऱ्याला लिहिता येईल तेथे चालविता येत नाही, हा तिचा लाभ. आणि २०१९ साली या नोंदींचे नियम गद्य कागदातून यंत्राला तपासता येईल अशा स्कीमारूपात आले, त्यामुळे नाव, हद्द किंवा ओळख चुकली तर ती चूक बोर्डावर वीज येण्याआधीच पकडता येऊ लागली.

पुण्यात आणि इतरत्र चिपांसाठी ड्रायव्हर लिहिणारे आपले अनेक तरुण अभियंते याच दप्तरात रोज भर घालीत असतील. त्यांना माझी विनंती एवढीच की, एखादे क्षेत्र राखताना ते कोणासाठी आणि कोणत्या कारणाने राखले हे कन्यानोंदीच्या नावातून आणि ओळखीतून स्पष्ट होऊ द्यावे, आणि स्कीमाची तपासणी पार पडल्यावाचून ती नोंद पुढे पाठवू नये.