मेक्सिकोतील भाज्यांची सरबते

मेक्सिकोच्या बाजारांत आणि खाणावळींत काचेच्या मोठाल्या बरण्यांतून ओगराळ्याने वाढल्या जाणाऱ्या पातळ, रंगीत सरबतांना आग्वा फ्रेस्का म्हणतात. फळ, फूल, बी किंवा भाजी, भरपूर पाणी, थोडी साखर आणि बहुधा लिंबू, एवढाच त्यांचा ऐवज. त्यांत भाज्यांची सरबते थोडीच. पण देशाचा इतिहास त्यांच्यात अधिक स्पष्ट दिसतो.

यातला सर्वांत जुना घटक चिया. स्पॅनिश सत्ता येण्यापूर्वी मका, घेवडा आणि राजगिऱ्याच्या जोडीने चिया हे मध्य मेक्सिकोतले महत्त्वाचे पीक होते. सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तयार झालेल्या मेंदोसा कोडेक्स या चित्रमय दस्तऐवजात ॲझ्टेक राज्याला मिळणाऱ्या खंडणीत धान्याच्या कणग्या रेखाटल्या आहेत. त्यांत चियाही आहे. चिया आणि आपल्याकडचा सब्जा एकाच, म्हणजे तुळशीच्या कुळातले. पाण्यात पडताच दोन्हींच्या दाण्यांभोवती बुळबुळीत आवरण धरते.

बाकीचे साहित्य समुद्रापलीकडून आले. ऊस आणि लिंबूवर्गीय फळे कोलंबसाच्या 1493 च्या दुसऱ्या सफरीबरोबर कॅरिबियन बेटांवर पोहोचली. मूळची भारतीय उपखंडातली काकडी 1494 मध्ये हिस्पॅनिओला बेटावर लावली गेली. पुढे मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेसने तिथे उसाचे मळे आणि साखरेचे घाणे उभारले. अस्सल मेक्सिकन म्हणून मिरवणाऱ्या काकडी, लिंबू आणि चियाच्या सरबतात तिथले मूळचे असे चियाच काय ते.

या सरबतांना घट्ट धरून ठेवले ते ख्रिस्ती पंचांगाने. ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ मेक्सिकोत पावसाळ्याआधीच्या कोरड्या, तापत्या दिवसांत येतो. एकोणिसाव्या शतकात त्या सुमारास मेक्सिको सिटीत चियाचे पाणी विकणाऱ्या बायका पानाफुलांनी सजवलेली दुकाने मांडत आणि मडकी ओल्या वाळूत रोवून थंड ठेवत. त्यांना ‘चिएरा’ म्हणत. मेक्सिकन समाजातल्या नमुनेदार माणसांची शब्दचित्रे काढणाऱ्या 1854 च्या एका गाजलेल्या संग्रहात चिएरालाही जागा मिळाली.

गुड फ्रायडेच्या आधीच्या शुक्रवारी दुःखी मातेची, म्हणजे मारियेची, वेदी घरोघर मांडली जाई. दर्शनाला आलेले लोक माता रडली का, असे विचारत, आणि त्यांच्या हाती तिचे अश्रू म्हणून सरबताचा पेला येई. उपवासकाळातले बीटाचे लालभडक सरबत मोठे मजेशीर असते: त्यात संत्र्याच्या फोडी, लेट्यूसची चिरलेली पाने आणि शेंगदाणेही तरंगतात. पेय म्हणावे की कोशिंबीर, हा प्रश्न तिथे कोणाला पडत नाही. वाहाका शहरात याच काळातल्या चौथ्या शुक्रवारी, येशूला विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीच्या स्मरणार्थ, चर्च, शाळा आणि घरांच्या दारांत येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट सरबत देतात.

तिथलेच एक पेय चिलाकायोता नावाच्या भोपळ्याचे. त्याचा गर पिलोन्सियो या गुळासारख्या साखरेत दालचिनी घालून शिजवतात. अननसही पुष्कळदा पडतो. गराचे दोरे आणि बियाही पेल्यात येतात, त्यामुळे चमचा लागतोच.

घरी करायला सगळ्यांत सोपे काकडीचे. दोन मोठे चमचे चिया एक पेला पाण्यात वीसेक मिनिटे भिजवावे आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून सुरुवातीला दोन-तीनदा ढवळावे. दोन काकड्यांची टोके चाखून कडवट नाहीत ना ते पाहावे. मग सालीसकट चिरून, थोड्या पाण्यात वाटून गाळाव्यात. त्यात सव्वा लिटर गार पाणी, दोन-तीन लिंबांचा रस, चवीपुरती साखर आणि शेवटी चिया घालावे. लिंबू सालीसह मिक्सरमध्ये घातले तर कडवटपणा उतरतो, म्हणून रसच पिळावा. चिया तळाशी बसते, तेव्हा प्रत्येक पेला भरण्यापूर्वी सरबत ढवळावे लागते. काकडीचा ताजा वास फार वेळ टिकत नाही. त्यामुळे केलेले सरबत त्याच दिवशी संपवलेले बरे.