मंथली–लुक्ला हवाई मार्ग

मंथली–लुक्ला हा नेपाळमधील अल्प पल्ल्याचा देशांतर्गत हवाई मार्ग आहे. रामेछाप जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या मंथली येथील विमानतळ (रामेछाप विमानतळ) आणि सोलुखुंबू जिल्ह्यातील लुक्ला येथील तेनझिंग–हिलरी विमानतळ यांना तो जोडतो. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ७४ किमी असून उड्डाणास साधारणतः १५ ते २० मिनिटे लागतात. एव्हरेस्टच्या तळछावणीकडे निघालेल्या बहुतेक पदयात्रींची पायवाट लुक्लापासून सुरू होते.

अंतर व वेळ

या मार्गावर अंतरावरून प्रवासाच्या वेळेचा अंदाज बांधणे फसवे ठरते. मंथली तामाकोशी नदीच्या खोऱ्यात सुमारे ४७० मी. उंचीवर आहे, तर लुक्ला २,८४५ मी. उंचीवर. म्हणजे ७४ किमी अंतरात विमानाला जवळजवळ २,४०० मी. उंची गाठावी लागते, तीही डोंगररांगा ओलांडत. ट्विन ऑटर, डॉर्नियर २२८ व लेट एल-४१० अशी आखूड धावपट्टीवर उतरू शकणारी लहान विमाने येथे वापरली जातात.

लुक्लाची धावपट्टी अवघी ५२७ मी. लांब असून तिचा चढ ११.७ टक्के आहे. दोन्ही टोकांच्या उंचीत सुमारे ६० मी.चा फरक पडतो. विमाने चढाच्या दिशेने उतरतात आणि उताराच्या दिशेने उड्डाण करतात. त्यामुळे उतरताना वेग लवकर कमी होतो व उड्डाणावेळी लवकर वाढतो. धावपट्टीच्या वरच्या टोकाला डोंगर असल्याने अखेरच्या क्षणी पुन्हा वर झेपावण्यास वाव नसतो. उपकरणांच्या साहाय्याने उतरण्याची सोय येथे नाही. वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसावी लागते. ८ ऑक्टोबर २००८ रोजी काठमांडूहून आलेले ट्विन ऑटर विमान धुक्यात उतरताना कोसळून १८ जण मृत्युमुखी पडले.

दुपारकडे ढग आणि वारा वाढत असल्याने बहुतेक उड्डाणे सकाळीच उरकली जातात. ढग न हटल्यास वीस मिनिटांच्या प्रवासासाठी दिवसच्या दिवस थांबावे लागते. नोव्हेंबर २०११ मध्ये खराब हवामानामुळे हजारो पर्यटक लुक्ला येथे अडकून पडले होते. परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानापूर्वी एक-दोन दिवस हाताशी ठेवण्याचा प्रघात त्यामुळेच पडला आहे.

काठमांडूऐवजी मंथली

लुक्ला विमानतळ एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने १९६४ मध्ये बांधला गेला. धावपट्टीचे डांबरीकरण २००१ मध्ये झाले आणि २००८ मध्ये विमानतळाला सध्याचे नाव मिळाले. काठमांडू ते लुक्ला हे हवाई अंतर सुमारे १३५ किमी असून त्यास ३० ते ३५ मिनिटे लागतात. काठमांडू विमानतळावरील गर्दीमुळे २०१९ पासून वसंत व शरद या पर्यटन हंगामांत लुक्लाची बरीच उड्डाणे मंथलीहून होऊ लागली.

कागदावर हवाई अंतर जवळजवळ निम्मे झाले. प्रवाशाचा वेळ मात्र वाढला. काठमांडूहून मंथली रस्त्याने सुमारे १३० किमी असून त्यास चार ते पाच तास लागतात. पहाटेचे विमान गाठण्यासाठी मध्यरात्रीनंतर एक-दोनच्या सुमारास निघावे लागते. मंथलीकडे जाताना ज्याचा उपयोग होतो, त्या बी. पी. महामार्गाची सप्टेंबर २०२४ च्या पुरात मोठी हानी झाली.

विमान न मिळाल्यास हेलिकॉप्टरचा पर्याय असतो. तो बराच महाग पडतो, आणि दाट ढगांत तेही उडत नाही. विमानतळ होण्यापूर्वी खुंबूकडे पायीच जावे लागे. जिरीहून लुक्लापर्यंतची ती जुनी वाट आजही वापरात असून चालत सुमारे आठवडाभर लागतो.