झुबॅट, वाघूळ आणि वाघूर

पोकेमॉनचा पहिला गेम खेळलेल्या कुणालाही माउंट मूनच्या गुहेबद्दल विचारा. तो कपाळावर हात मारून म्हणेल, "झुबॅट!" निळं, बिनडोळ्यांचं, शेपटीसारखे दोन बारीक पाय लोंबकळणारं वाघूळ. दोन पावलं टाकली की स्क्रीन लुकलुकते, संगीत बदलतं आणि ते समोर फडफडत असतं. पळ काढा, चार पावलं चाला, पुन्हा झुबॅट.

हा छळ आतून कसा चालतो हे इंजिनिअर झाल्यावर कळलं आणि मजा वाटली. २७ फेब्रुवारी १९९६ ला जपानमध्ये गेमबॉयवर हा गेम आला. मोकळ्या रस्त्यावर जंगली पोकेमॉन फक्त उंच गवतात भेटतात; गवत टाळलं की सुटका. गुहेत मात्र जमिनीचा प्रत्येक चौकोन गवतासारखाच धरलेला आहे. पाऊल टाकलं की प्रोग्राम ० ते २५५ मधला एक आकडा काढतो. तो त्या जागेसाठी ठरवलेल्या आकड्यापेक्षा लहान निघाला की गाठ पडलीच. मग दुसरा आकडा काढून दहा कप्प्यांपैकी एक निवडायचा आणि त्यात जो असेल त्याला समोर उभा करायचा. माउंट मूनच्या पहिल्या मजल्यावर बहुतेक कप्प्यांत एकच नाव भरलेलं आहे. कोणतं ते सांगायला नको.

म्हणजे जगभरच्या पोरांना झुबॅटचा जो वैताग आला, तो झुबॅटने काही केलं म्हणून नाही. एका तक्त्यात त्याचं नाव जास्त वेळा लिहिलं होतं म्हणून.

आमच्याकडे खानदेशात हे प्रकरण २००३ मध्ये पोचलं. त्या वर्षी कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन हिंदीत सुरू झालं. मी सात वर्षांचा होतो. धुळे जिल्ह्यातलं गाव, गल्लीत एकाच्या घरी केबल, आणि लोडशेडिंग नेमकं लढाई रंगात आली की. लाईट गेली की सगळे ओट्यावर. गावविहिरीजवळच्या चिंचेवर मोठ्या वाघळांची वस्ती होती (अजून आहे, त्याबद्दल पुढे). अंधार पडला की ती तापीच्या दिशेने निघायची, एकामागून एक, पंखांचा आवाज न करता. मी बोट दाखवून ओरडायचो, "झुबॅट! झुबॅट!" आजी म्हणायची, "हाई तं वाघूय शे रे भाऊ." अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, त्यामुळे आमचं वाघूळ कायमच वाघूय.

गेमबॉय मी दुकानात कधी पाहिला नाही. अकरावीला जळगावात आल्यावर सायबर कॅफेतल्या एका पोराने सीडीवर एम्युलेटर दिला, त्यात २००४ चा 'फायररेड' होता. त्याच माउंट मूनमध्ये मी एक अख्खी रात्र घालवली. आजीचं म्हणणं तिथेही खरं निघालं, अर्धंमुर्धं का होईना.

अर्धंमुर्धं, कारण झुबॅटला डोळेच नाहीत. गेममधली माहिती सांगते की अंधारात राहून त्याची दृष्टी गेली. खऱ्या वाघळांत बिनडोळ्यांची एकही जात नाही. आमच्या चिंचेवरची मोठी फळखाऊ वाघळं तर आवाजाच्या प्रतिध्वनीवर उडतही नाहीत. ती डोळ्यांनी पाहतात आणि नाकाने वास घेतात. प्रतिध्वनीची करामत आहे ती मुख्यतः लहान, किडे खाणाऱ्या जातींची. ती माणसाला कळायला किती वेळ लागला पाहा. इटलीतल्या लाझारो स्पालांझानीने १७९३-९४ मध्ये वाघळांना आंधळं करून सोडलं, तरी ती खोलीत ताणलेले दोरे चुकवून उडाली. जिनिव्हाच्या लुई झ्युरिनने त्यांचे कान बंद केले, तेव्हा ती धडकू लागली. कानाने दिसतं, या म्हणण्याची पुढे शंभरहून जास्त वर्षं टिंगल झाली. १९३८ मध्ये हार्वर्डचा विद्यार्थी डोनाल्ड ग्रिफिन वाघळांचा पिंजरा घेऊन एका भौतिकशास्त्रज्ञाच्या यंत्रासमोर बसला आणि माणसाला ऐकू न येणारे ते आवाज पहिल्यांदा सापडले.

झुबॅटच्या एका हल्ल्याचं जपानी नाव 'चोओन्पा' आहे, म्हणजे श्राव्यातीत ध्वनिलहरी. एकदम बरोबर शब्द. इंग्रजीत आणताना त्याचं 'सुपरसॉनिक' केलं, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान, जे विमानाला लागू पडतं. भाषांतर करणाऱ्याला रोज कोण तपासतं म्हणा.

आता दुसरी गुहा. जळगावहून साधारण साठ किलोमीटरवर अजिंठा. लेण्यांच्या पायथ्याशी वळसा घेणारी नदी वाघूर. तीच पुढे जळगाव जिल्ह्यात उतरून तापीला मिळते आणि जळगाव शहर जे पाणी पितं ते तिच्यावरच्या धरणाचं. वाघूर आणि वाघूळ यांचा संबंध नाही, पण लहानपणी मला तो पक्का वाटायचा. कारण लेण्यांच्या गोष्टीत वाघळं पहिल्यापासून आहेत.

२८ एप्रिल १८१९. मद्रासच्या फौजेतला जॉन स्मिथ वाघाच्या शिकारीला आलेला असतो, त्याला समोरच्या कड्यात कोरीव कमान दिसते. तो दहाव्या लेण्यात शिरतो आणि भिंतीवरच्या चित्रावर आपलं नाव आणि तारीख कोरतो. आज ते नाव डोक्याच्या बरंच वर आहे, कारण तो उभा होता तो शतकानुशतकं साचलेल्या ढिगाऱ्यावर. लेणी 'सापडली' असं आपण म्हणतो. आसपासच्या लोकांना ती ठाऊक होतीच, आणि आत वस्ती होती वाघळांची, पक्ष्यांची, कधीमधी जनावरांची.

त्या वस्तीने चित्रांचं नुकसान केलं हे खरं आहे. वाघळांच्या विष्ठेतली आणि मुतातली द्रव्यं रंगावर बसतात, पांढुरके डाग पडतात, पृष्ठभाग खराब होतो. पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी ते थर काढण्यात वर्षं घालवली आहेत, आणि वाघळं आत येऊ नयेत म्हणून लेण्यांना जाळ्या लावाव्या लागल्या. शाळेच्या सहलीत आमच्या सरांनी डाग दाखवून सांगितलं होतं, "हे बघा, वाघळांनी काय केलं!" पंधरा पोरांनी एकदम छताकडे पाहून दात-ओठ खाल्ले.

पण तक्ता पूर्ण भरायचा तर बाकीची नावंही लिहायला हवीत. स्मिथने चित्रावर नाव कोरलं. एकोणिसाव्या शतकात आलेल्या काही साहेबांनी चित्रांचे तुकडे कापून नेले. नकला करणाऱ्यांनी चित्र उठून दिसावं म्हणून वार्निश फासलं, ते पुढे पिवळं पडलं. १९२० नंतर निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणले, त्यांनी सुटू लागलेले पोपडे नीट चिकटवले आणि वर लाखेचा थर दिला, तोही काळवंडला. यातलं बरंचसं चांगल्या हेतूने झालं. वाघळांचा हेतू चांगलाही नव्हता आणि वाईटही. त्यांना फक्त अंधारं छत हवं होतं, आणि ते त्यांच्याकडे स्मिथच्या कितीतरी आधीपासून होतं.

नकलांचं काय झालं? मेजर रॉबर्ट गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षं अजिंठ्यात राहून मोठमोठ्या नकला केल्या. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून बहुतेक जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या आर्ट स्कूलच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा तेच काम केलं. त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनलाच आगीत गेल्या. वाघळांच्या हवाली असलेली मूळ चित्रं मात्र अजून जागेवर आहेत. गिल १८७९ मध्ये गेला, त्याची कबर भुसावळला आहे. ना. धों. महानोरांमुळे गिल आणि पारोची गोष्ट आपल्याला माहीत असते, पण रोज सकाळी कामाला बसण्याआधी त्याला काय वास येत असेल, हे त्यात कुणी लिहीत नाही.

२०१६ च्या डिसेंबरमध्ये झुबॅट परत आलं. जिओशी करार होऊन पोकेमॉन गो भारतात अधिकृतपणे सुरू झाला, रिलायन्सची दुकानं गेममधले थांबे झाली. आम्ही जळगावात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, डेटा फुकट होता, नोटाबंदीमुळे एटीएमसमोर तासन् तास उभं राहायचंच होतं. मुंबई-पुण्यात चौकाचौकात थांबे; आमच्याकडे एक इथे, दुसरा पार तिकडे. हे थांबे कंपनीच्या जुन्या गेमच्या खेळाडूंनी सुचवलेल्या जागांवरून आले होते आणि ते खेळाडू आमच्या शहरात जवळपास नव्हतेच. गावी गेलं की नकाशा कोरा. विहीर नाही, मारुती नाही, चिंच नाही.

चिंच २०२० मध्ये सगळ्यांना दिसली. लॉकडाऊनमध्ये मी घरून काम करत होतो. एप्रिलमध्ये बातमी आली की भारतातल्या दोन जातींच्या वाघळांत कोरोना गटातला विषाणू सापडला. तो कोविडचा विषाणू नव्हता आणि त्याने माणसाला आजार होतो असा पुरावाही संशोधनात नव्हता, पण ते वाक्य गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत पोचलं नाही. चिंच तोडायची, निदान फटाके लावून वाघळं हाकलायची, असं पारावर ठरू लागलं. कायद्याची भीती घालावी म्हटलं तर कायदाच उलटा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वाघळं पाचव्या परिशिष्टात होती, कावळे-उंदरांच्या रांगेत, उपद्रवी म्हणून. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच गेलं, पण २०२० मध्ये ते होतं.

आबांनी मला सांगितलं, "तू शिकलेला आहेस, दोन पानं मराठीत लिहून दे. मी वाचून दाखवतो." मी लिहिलं. वटवाघळं वड, उंबर, जांभळाच्या बिया लांबवर टाकतात. सातपुड्यातल्या मोहाच्या फुलांवर रात्री तीच येतात, आणि पावरा-भिलांच्या घरी मोहाचा हिशेब काय असतो हे आपल्या शिरपूर-साक्रीत कुणाला सांगायला नको. निपाहसारखा धोका खोटा नाही, म्हणून उष्टं फळ खाऊ नये, झाडाखाली गुरं बांधू नयेत. पण हाकललेली वाघळं दुसऱ्या घरांवर जाऊन बसतील. शेवटी एक जोडलं: अमेरिकेत टेक्सासच्या आठ परगण्यांचा २००६ चा अभ्यास आहे. तिथली किडे खाणारी वाघळं बोंडअळीचे पतंग खातात आणि त्यामुळे कापूसवाल्यांचे वर्षाला सरासरी ७ लाख ४१ हजार डॉलर वाचतात.

आबांनी पेन घेऊन मोह खोडला, उंबर खोडला, डॉलर खोडले. उरलं ते बोंडअळीचं. आमचं गाव कापसाचं. २०१७ ची गुलाबी बोंडअळी अजून सगळ्यांच्या लक्षात होती.

मी म्हटलं, "आबा, चिंचेवरची वाघळं फळं खातात. बोंडअळीचे पतंग खातात त्या लहान पाकोळ्या. त्या जुन्या वाड्याच्या फटीत राहतात, चिंचेवर नाही."

"त्यांनाही मारायला निघालेत ना?"

"हो. वाड्यात धूर करायचं म्हणतात."

"मग झालं तर."

झुबॅट मोठं होऊन गोलबॅट होतं, त्याला डोळे येतात. १९९९ च्या 'गोल्ड-सिल्व्हर'मध्ये त्यापुढची पायरी आली, चार पंखांचं क्रोबॅट. गोलबॅट कितीही लढाया जिंकून क्रोबॅट होत नाही. त्याला तुमच्याबद्दल किती जवळीक वाटते याचा एक लपलेला आकडा असतो, तोही ० ते २५५, आणि त्या गेममध्ये तो किमान २२० व्हावा लागतो. तो वाढतो मुख्यतः सोबत चालून. गावी गेलो होतो तेव्हा मी हे आबांना सांगितलं. ते म्हणाले, "रिकामटेकडे आहात तुम्ही लोक."

चिंच उभी आहे. विहिरीकडची एक फांदी छाटली, कारण पाण्यात घाण पडत होती आणि ती तक्रार रास्त होती. वाघळं पलीकडच्या बाजूला सरकली. वाड्याचा मालक नाशिकला असतो. त्याने गेल्या वर्षी वाडा विकायला काढला आहे.