सात मार्च : वाढदिवस कोणाचा?

तुकाराम बीज आपण पाळतो ती तुकोबांच्या वैकुंठगमनाची. आरंभीच्या ख्रिस्ती चर्चने याहून एक पाऊल पुढे टाकले. श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्या रक्तसाक्षीच्या मृत्युदिनालाच त्याने ‘जन्मदिवस’ म्हटले. दुसऱ्या शतकात स्मर्ना, म्हणजे आजच्या इझमीर येथील मंडळीने बिशप पॉलिकार्पच्या हौतात्म्याचा वृत्तांत पत्राने कळवला. त्याच्या अस्थी जेथे ठेवल्या तेथे दरवर्षी जमून हा जन्मदिवस साजरा करण्याचा मनोदय त्या पत्रात आहे. हा शब्द मला बरीच वर्षे निव्वळ अलंकार वाटे. कार्थेजची कथा वाचल्यावर तसे वाटेनासे झाले.

इ.स. २०३. आजच्या ट्युनिसजवळच्या कार्थेज नगरात काही नवख्रिस्ती तुरुंगात होते. त्यांत बावीस वर्षांची, कुलीन घरातली पर्पेतुआ होती. तिचे मूल अंगावर पिणारे. फेलिसितास ही दासी आठ महिन्यांची गरोदर होती. गर्भवतीला देहदंड देण्यास कायद्याची मनाई होती. ती तुरुंगातच बाळंत झाली आणि मुलगी दुसऱ्या एका ख्रिस्ती बाईने वाढवली. पर्पेतुआने तुरुंगातले दिवस स्वतः लिहून ठेवले. म्हाताऱ्या वडिलांच्या विनवण्या आणि तिला पडलेली स्वप्ने त्यात आहेत. प्राचीन काळातील स्त्रीचे असे स्वहस्ते केलेले लेखन फारच थोडे उरले आहे.

७ मार्चला दोघींना एका रानटी गाईपुढे सोडले आणि शेवटी तलवारीने मारले. हे खेळ कशासाठी होते, हेही त्या वृत्तांतात नोंदवले आहे. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसचा धाकटा मुलगा गेटा याच्या वाढदिवसासाठी!

त्याच वर्षी रोमच्या फोरममध्ये सेव्हेरसची विजयकमान उभी राहिली. तिच्यावर गेटाचेही नाव कोरले होते. २११ साली थोरला भाऊ काराकाला याने त्याचा खून करवला आणि साम्राज्यभर त्याचे नाव शिलालेखांतून खोडायला लावले. त्या कमानीवरची खाडाखोड आजही दिसते.

दोघींची नावे मात्र ३५४ सालच्या रोमच्या पंचांगात ७ मार्चपुढे आढळतात. त्यांच्यासोबत पुरुषही मारले गेले होते. तरी दिवस या दोघींच्या नावाने का ओळखला जातो, याचा ऊहापोह संत ऑगस्टिनने आपल्या प्रवचनात केला. पुढे थॉमस अक्वायनसचा सण त्याच तारखेला आल्याने त्या मागे पडल्या. १९६९च्या सुधारणेत अक्वायनसला २८ जानेवारी देऊन ७ मार्च त्यांना परत मिळाला.

मिस्साच्या जुन्या रोमन प्रार्थनेत फेलिसितासचे नाव पर्पेतुआच्याही आधी येते. आधी दासी, मग मालकवर्गातली. आणि ज्याच्या वाढदिवसासाठी त्यांना मारले, त्या गेटाचा वाढदिवस आज आठवतो तोही बहुधा यांच्याच कथेमुळे.