शंकरपटातील आडवे जाणे व धुरकऱ्यावरील कारवाई

शंकरपटात किंवा बैलगाडी शर्यतीत आपली वाट सोडून शेजारच्या जोडीच्या वाटेत गाडी घालणे, तिला कडेला रेटणे, चाकाला चाक भिडवणे किंवा अन्य रीतीने तिची धाव बिघडवणे म्हणजे आडवे जाणे. असे करणाऱ्या धुरकऱ्यावर, म्हणजे गाडी हाकणाऱ्यावर, पंचांनी केलेली कारवाई हा या नोंदीचा विषय आहे. युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलियात हलक्या दुचाकी गाडीला घोडा जुंपून ‘हार्नेस रेसिंग’ नावाच्या शर्यती होतात. तिथे या गुन्ह्यासाठी तपशीलवार नियम आहेत. जालना जिल्ह्यात घोड्यांची ती शर्यत नाही. गाडीला जनावर जुंपून वेगाची कसोटी घेण्याची इथली परंपरा बैलांची आहे आणि तिचे नाव शंकरपट, किंवा नुसताच पट.

जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात, तर परतूरकडचा भाग परभणी जिल्ह्यात होता. त्याच्या आठ तालुक्यांपैकी भोकरदन व जाफराबाद हे उत्तरेकडचे तालुके बुलडाण्याला लागून आहेत. त्यामुळे इथल्या पटाचा सांधा पश्चिम महाराष्ट्रापेक्षा विदर्भाशी अधिक जुळतो. रब्बीची पेरणी उरकली, यात्रांचे दिवस आले, की पटाचा हंगाम सुरू होतो.

महाराष्ट्रातल्या शर्यतींच्या वेगवेगळ्या प्रकारांत आडवे जाण्याचा प्रश्न सारखा नाही. पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, खेड या भागांत चढाच्या घाटावर एका वेळी एकच गाडा सुटतो, त्याच्या पुढे घोडी पळते आणि निकाल घड्याळावर लागतो. शेजारी दुसरा गाडाच नसल्याने तिथे कोणी कोणाला आडवे जाऊ शकत नाही. सांगली, सातारा, सोलापूरकडे अनेक गाड्या एकदम सुटतात. प्रत्येकीला आखून दिलेला तास, म्हणजे तिची स्वतंत्र वाट, असतो, गटातून सेमीला आणि सेमीतून फायनलला जायचे असते. तिथे तास सोडणे हा नित्याचा वाद आहे. शंकरपट या दोहोंच्या मध्ये बसतो. काही मैदानांवर एकच जोडी दाणीवरून पळते आणि सेकंदाच्या हिश्शापर्यंत वेळ मोजली जाते. काही ठिकाणी दोन समांतर दाणींवर दोन जोड्या एकाच वेळी सुटतात. दाण म्हणजे पटासाठी तयार केलेली सरळ धावपट्टी. घड्याळाच्या पटात पंचांचे काम बरेच हलके होते. जोड्या एकदम सोडल्या, की झेंड्याबरोबर नियमांचीही कसोटी सुरू होते.

आडवे जाण्याच्या वादात खरा प्रश्न असतो तो एकच: बैल आपण होऊन वळले, की धुरकऱ्याने वळवले? पटाची छकडी फार हलकी असते आणि तिची दोन चाके जोडीच्या मागे जशीच्या तशी जातात. जोडीतला एक बैल कमी पडला आणि दुसरा पुढे ओढू लागला, तर गाडी कमी पडणाऱ्या बैलाच्या अंगाला झुकते. त्यात कपट काहीच नसते, जोड जमलेली नसते इतकेच. गर्दीचा गलका, दाणीत आलेला माणूस, हवेत उडालेले उपरणे यांनीही खिलार गोऱ्हा बिचकतो. अशा वेळी जाणता धुरकरी बाहेरच्या अंगाचा कासरा आखडतो, तोल त्याच बाजूला टाकतो आणि वेग गमवावा लागला तरी जोडी सरळ करतो. मुद्दाम आडवा जाणारा याच्या उलट वागतो. जोडी झुकत असताना तो कासरा ढिला सोडतो किंवा आतल्या अंगाचा ओढतो, आणि त्याची नजर पुढच्या झेंड्याऐवजी शेजारच्या जोडीवर असते.

म्हणून अनुभवी पंच आधी धुरकऱ्याचे हात पाहतो. नंतर तो जमीन पाहतो. दाणीची माती भुसभुशीत असेल तर चाकोरी स्पष्ट उमटते. लांबवर हळूहळू कलत गेलेली चाकोरी ओढ खाणाऱ्या जोडीची असते. सरळ येऊन एकाएकी मोडलेली चाकोरी कासऱ्याच्या हिसक्याकडे बोट दाखवते. दोन्ही चाकोऱ्या जिथे एकत्र आल्या, तिथे मागच्या जोडीचे खूर किती खोल रुतले आहेत यावरून तिला किती जोराने आवरावे लागले तेही कळते. हा पुरावा मिनिटभरच टिकतो. पुढची जोडी सुटली, की तो पुसला जातो. मोबाईल आणि ड्रोनच्या चित्रणाने आता पंचांना मोठा आधार दिला आहे. मात्र वरून घेतलेल्या चित्रणात गाडी कुठे गेली ते दिसते, कासरा कोणत्या हाताने ओढला ते बहुधा दिसत नाही. मातीवरचा पंच हटवून सारे कॅमेऱ्यावर सोपवणे म्हणूनच योग्य नाही.

पंच कमिटी गावातल्या जाणत्या, स्वतः बैल पाळलेल्या माणसांची असते. सुटीच्या जागी, दाणीच्या मध्यावर आणि झेंड्यापाशी माणसे उभी राहतात. शर्यतीच्या हँडबिलावर बक्षिसांच्या खाली पंचांचा निर्णय अंतिम राहील ही ओळ ठरलेली असते. प्रत्यक्ष कारवाई सहसा दोन प्रकारची होते. आडवी गेलेली जोडी बाद होते, आणि जिची धाव बिघडली तिला पुन्हा पळण्याची संधी मिळते. दुसरी गोष्ट वाटते तितकी उदार नाही. पूर्ण ताकदीने पळून आलेल्या बैलांना थोड्या वेळात पुन्हा जुंपायचे, म्हणजे ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच जादा श्रम पडतात. ते थकलेले असतील तर मालकाने नकार द्यावा आणि पंचांनी तो निमूट मान्य करावा, हेच बैलाच्या हिताचे.

या पद्धतीत एक मोठी उणीव आहे. जोडी बाद होते तेव्हा शिक्षा मालकाला होते. प्रवेश फी त्याची, बक्षीस त्याचे, निकालात नाव त्याचे व त्याच्या गावाचे. धुरकरी पुष्कळदा दुसऱ्याची जोडी हाकायला आलेला असतो. ही जोडी बाद झाली तर दुपारी तो दुसऱ्या मालकाच्या गाडीवर बसू शकतो आणि आठ दिवसांनी शेजारच्या तालुक्यात त्याच खोडीने आणखी एक शर्यत नासवू शकतो. एखाद्या गावाच्या कमिटीने त्याची नोंद घ्यायला नकार दिला, तरी तो नकार त्या गावच्या शिवेपुरताच राहतो.

कायद्याने ही बाजू जवळजवळ मोकळी ठेवली आहे. त्याचे कारण शर्यतीच्या अलीकडच्या इतिहासात आहे. केंद्र सरकारने 11 जुलै 2011 रोजी अधिसूचना काढून बैलाचा समावेश ज्यांचे खेळ करता येणार नाहीत अशा प्राण्यांत केला. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यतीही बेकायदा ठरवल्या. जानेवारी 2016 मध्ये केंद्राने सवलत देणारी अधिसूचना काढली, तिलाही न्यायालयाने काही दिवसांतच स्थगिती दिली. महाराष्ट्राने 2017 मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या केंद्रीय अधिनियमात राज्यापुरती दुरुस्ती केली आणि शर्यतींसाठी नियम बनवले. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे ते प्रत्यक्षात येऊ शकले नाहीत. अखेर 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली, आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू व कर्नाटकाबरोबर महाराष्ट्राचा दुरुस्ती कायदाही वैध ठरवला.

हा सारा लढा बैलाच्या वेदनेभोवती झाला, आणि नियमांचा भरही साहजिकच तिथेच आहे. शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. 50,000 रुपयांची हमी भरावी लागते. अंतर 1,000 मीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही. बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी होते. चाबूक, काठी, टोचणी, विजेचा धक्का, शेपटी पिरगाळणे किंवा चावणे या सगळ्याला मनाई आहे. शर्यतीचे चित्रण करून ठेवावे लागते. बैलाला यातना दिल्यास 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. मूळ 1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड आहे, हे पाहिले म्हणजे ही वाढ किती मोठी आहे ते कळते. ही कडक वागणूक योग्यच आहे. पण एका धुरकऱ्याने दुसऱ्याची वाट अडवली तर काय, याचा निवाडा पंचांच्या तोंडी नियमांवरच चालतो. खरे तर हा प्रश्नही बैलाच्या अंगाचाच आहे. दोन गाड्यांची चाके एकमेकांत अडकली की जू मोडते, बैल गुडघ्यांवर येतो, मागच्या जोडीचा पाय पुढच्याच्या चाकात जातो. चाबकाचा वळ काही दिवसांत भरून येतो. धावत्या बैलाचा मोडलेला पाय क्वचितच नीट जुळतो.

हार्नेस रेसिंगमध्ये हाकणाऱ्याला परवाना असल्याशिवाय गाडीवर बसता येत नाही, म्हणून शिक्षा त्याच्या परवान्यावर नोंदली जाते आणि ती पुढच्या मैदानावरही त्याच्या मागे जाते. अडथळ्याचा संशय आला की पंच निकाल जाहीर करण्यापूर्वी चौकशी लावतात, चित्रण पाहतात आणि दोषी घोड्याला त्याने ज्याची वाट अडवली त्याच्या मागच्या क्रमांकावर टाकतात. हाकणाऱ्याला स्वतंत्रपणे दंड होतो किंवा काही दिवस गाडीवर बसण्याची बंदी येते, आणि त्याविरुद्ध त्याला अपील करता येते. या शर्यतीत घोड्याला ठरलेल्या चालीनेच पळावे लागते. चाल मोडून तो चौखूर उधळला, तर हाकणाऱ्याने त्याला जागा असेल तिथे बाहेर काढून पुन्हा चालीवर आणायचे असते. त्याने तसा प्रामाणिक प्रयत्न केला की नाही, हे पंच पाहतात. बिचकलेल्या खिलाराच्या बाबतीत आपल्याकडचा जाणता पंच हाच प्रश्न विचारतो. उत्तर अमेरिकेत हाकणाऱ्याच्या पोशाखाचे रंगही त्याचे स्वतःचे असतात, कोणाचाही घोडा हाकला तरी ते बदलत नाहीत. लांबून पाहणाऱ्यालाही कोण काय करतो आहे ते ओळखू येते.

फार दूर जायलाही नको. मुंबईत महालक्ष्मीला आणि पुण्यात रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यतींत जॉकीने दुसऱ्याची वाट कापली, तर क्लबचे स्टुअर्ड चौकशी करतात, घोड्याचा क्रमांक खाली आणतात आणि जॉकीवर काही दिवसांची बंदी घालतात. महालक्ष्मीच्या घोड्याला जे संरक्षण आहे, ते भोकरदनच्या बैलाला नसावे याला काहीच कारण नाही.

जालन्यापुरती सुरुवात सोपी आहे. परवानगीच्या अर्जासोबत जोड्यांची व मालकांची यादी जाते, तशी धुरकऱ्यांची यादीही जावी. ज्याला पंचांनी आडवे गेल्याबद्दल दोषी धरले त्याचे नाव, घटना आणि त्याचे म्हणणे कमिटीने लिहून चित्रणासोबत जपून ठेवावे, आणि पुढच्या गावच्या कमिटीने जोडी नोंदवताना ते विचारावे. मुद्दाम आडवे जाणाऱ्याला त्या हंगामापुरते गाडीवर बसू देऊ नये. ज्याची जोडी ओढीने झुकली आणि ज्याने ती आवरायची शिकस्त केली, त्याची जोडी नियमाप्रमाणे बाद व्हावी, पण त्याच्या नावावर डाग लागू नये. हा फरक कागदावर उतरला तरच चांगल्या धुरकऱ्याला न्याय मिळेल. बक्षिसांच्या वाढत्या आकड्यांमुळे हे काम लांबवता येण्यासारखे नाही. बंदी उठल्यावर 2022 मध्ये पिंपरी-चिंचवडमधील चिखलीच्या शर्यतीत पहिले बक्षीस जेसीबी यंत्र होते. पागोटे आणि पितळी भांड्याच्या काळातला तोंडी नियम एवढ्या मोहापुढे टिकत नाही.

अडथळा आणणारा नेहमी धुरकरीच असतो असे नाही. जोडी सुटली की दाणीच्या दोन्ही कडांची माणसे आत सरकतात, झेंड्यापाशी तर पोरे चाकोरीतच उभी असतात. त्यामुळे वळलेल्या जोडीचा दोष धुरकऱ्यावर टाकता येत नाही. कठडे आणि स्वयंसेवक ही जबाबदारी आयोजकांची, आणि बहुतेक अपघात इथेच टाळता येतात. आडवी गेलेली गाडी लोकांत घुसली आणि कोणी जखमी झाले, तर प्रकरण पंचांच्या हातून सुटून पोलिसांकडे जाते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या बेदरकार किंवा हयगयीच्या कृतीसाठी कलम 125 आहे, आणि हयगयीने मृत्यू ओढवल्यास कलम 106. दुसऱ्याच्या जनावराला जाणूनबुजून मारले किंवा निकामी केले तर कलम 325 खाली 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुद्दाम चाक घालून शेजारच्या जोडीचा बैल कायमचा जायबंदी करणाऱ्या धुरकऱ्याविरुद्ध मालकाला या कलमाचा आधार घेता येतो. त्यासाठी पशुवैद्यकाचा दाखला, मूळ चित्रण आणि पंचांनी त्याच वेळी केलेला लेखी पंचनामा हे तीन पुरावे हाताशी लागतात.